मोहरीएवढा लाल दिवा

४ सप्टेंबर

आली एकदाची बाईसाहेब, माझी धाकटी बहीण! विमानानं बैरूत, तिथून टॅक्सीनं त्रिपोली, आणि थेट तांबटांच्या बाजारात, बाबांच्या दुकानात. बॅगा टाकायला घरीसुद्धा थांबली नाही. बाबांनी हातोडा खाली ठेवला — सुलतान दारात आला तरी ते ठेवणार नाहीत — आणि इन्साफला असं कवेत घेतलं की आजूबाजूचे सगळे तांबट उंबऱ्यात येऊन बघायला लागले. मी मागे, तिच्या दोन बॅगा दोन हातांत. समोरच्या दुकानातला अबू फव्वाज म्हणाला, "अरे, हमालाला वाट द्या!" तीस वर्षं समोर बसतोय. मला ओळखत नाही होय? मुद्दाम.

बाबांना बारा वर्षं झाली, काही ऐकू येत नाही. उभा जन्म तांबं ठोकलं, कान गेले. दोन वर्षांपूर्वी इन्साफनं फ्रान्सहून कानात घालायचं यंत्र पाठवलं, सोबत बारक्या सेलची पाकिटं. बाबांनी एकदा घातलं, लगेच काढलं. "कानात गांधीलमाशी सोडलीय कुणीतरी." तेव्हापासून ते दुकानाच्या खणात पडलंय. ओठ वाचून चालवतात. पाठीमागचं बघायला दारात एक घासलेली परात टांगलीय, तिच्यात सगळं दिसतं. मी मागून आलो की न वळता म्हणतात, "ये, वस्फी."

मला एक वाक्य तीनदा सांगावं लागतं. तिचं पहिल्या फटक्यात कळतं!

जेवताना नजवानं भरल्या वांग्यांतलं सगळ्यात मोठं वांगं इन्साफच्या ताटात वाढलं. बायको माझी की तिची?

५ सप्टेंबर

इन्साफ नक्की कसली इंजिनिअर, ते आज कळलं. आजूबाजूच्या आवाजातून वीज काढायची! मला वाटलं, चेष्टा करतेय.

"गोंगाट फुकट जातो, वस्फी. आवाजानं हवा हलते. हलतं तिथे जोर असतो, आणि जोर असतो तिथे वीज काढता येते."

सत्तावीस वर्षं वायरमन आहे मी. सरकारी वीज येते दिवसाला दोन तास. बाकी या गल्लीत जे काही जळतं, फिरतं, गार होतं ते जनरेटरवर, आणि जनरेटरच्या सगळ्या तारा मी ओढलेल्या आहेत. एका उन्हाळ्यात खांबावरून पडून खांदा निखळला. आणि ही मला शिकवतेय वीज कशी निघते ते!

एक दिवा पेटायलासुद्धा किती आवाज लागेल, विचारलं. म्हणाली, "पुष्कळ. म्हणून तर इथे आले. असा बाजार जगात कुठे आहे?" तीन आठवडे यंत्र बाबांच्या दुकानात टांगणार, खोकं सीलबंद, कुणी हात लावायचा नाही. शेवटी लिऑनहून तिच्या प्राध्यापकबाई बघायला येणार, नगरपालिकेचे लोकही. पटलं तर तिला तिकडे कायमची नोकरी. नाही पटलं तर तिचा तिथे राहायचा परवाना संपतोय — कायमची इकडे.

म्हणजे रोज बाबांच्या मांडीला मांडी लावून. नोकरी मिळू दे बाई तुला!

९ सप्टेंबर

बाबा तिच्यासाठी तांब्याचं भांडं घडवतायत. पसरट तोंडाचं, कागदासारखं पातळ, आवाज गोळा करायला. मापं ती हातानं दाखवते, ते मान डोलावतात. दोन गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी बाजूला पडल्यात.

माझ्या दुकानाला तांब्याची पाटी करून द्या म्हणून सात वर्षं मागे लागलोय. सात! दरवेळी तेच उत्तर. "वीजवाल्याला तांब्याची पाटी? गिऱ्हाइकाला झटका बसेल." आणि स्वतःच खो-खो हसतात.

१३ सप्टेंबर

भांडं झालं. खरंच देखणं आहे, खोटं कशाला लिहू. नखानं टिचकी मारली तर एवढा वेळ घुमतं की आपणच कंटाळावं.

काठावर वेलबुट्टी काढलीय, आणि वेलीत नाव. इन्साफ. आपल्या मालाखाली बाबा घराण्याचा ठसा मारतात, बास. कुणाचं नाव कोरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

१८ सप्टेंबर

आज यंत्र टांगलं. भिंतीत पट्ट्या मी ठोकल्या, मागचं झाकण चार स्क्रूंनी मी बसवलं. मग तिनं पुढच्या बाजूला सील लावलं, सही केली, तारीख घातली. मागच्या बाजूला नाही! आपल्या भावावर विश्वास. की भाऊ हा माणूस लक्षातच नाही?

आत काय आहे ते पाहून घेतलं. वाजणाऱ्या खेळण्यांत असतात तशाच पितळी चकत्या, फक्त पुष्कळ आणि चांगल्या. भांडं थरथरलं की चकत्या थरथरतात, त्यातून कणकण वीज साठत जाते, आणि पुरेशी साठली की एक मोहरीएवढा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. बाजूला आकडा मोजणारं यंत्र. एवढंच! एवढ्यासाठी विमान!

सगळे हातोडे सुरू झाले. गल्ली भरून आली. पाच मिनिटं, दहा, वीस. अबू फव्वाज दारातून ओरडला, "वस्फी, तुझी एखादी तार लाव रे, पोरगी म्हातारी होईल!" मी हसलो. मनापासून हसलो. आजचा दिवस बरा जाणार असं वाटायला लागलं.

पस्तिसाव्या मिनिटाला दिवा लुकलुकला.

बाबा परातीवर वाकले होते. इन्साफनं खांद्याला हात लावून दाखवलं. परत पस्तीस मिनिटं तिथेच बसले, हातोडा चालवत, डोळे दिव्यावर. दुसऱ्यांदा लुकलुकला तेव्हा हातोडा मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं — त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, मोठ्यानंच बोलतात — म्हणाले, "हा मी आहे?"

"तुम्ही, आणि सगळी गल्ली," इन्साफ म्हणाली.

अबू फव्वाज डोळे पुसत होता. माझीही बाही डोळ्यांकडे निघाली होती. मग पाहिलं तर बाबा तिच्या कपाळाचं चुंबन घेत होते, आणि मी बाही खाली घेतली.

घरात चोवीस तास मी दिवा पेटता ठेवतो. पस्तीस मिनिटांनी एकदा नाही. सतत. त्यासाठी कुणी माझं कपाळ शोधलेलं आठवत नाही.

२२ सप्टेंबर

इथल्या दूरचित्रवाणीची एक पोरगी कॅमेरा घेऊन आली. बाबांना मध्ये बसवलं, इन्साफ शेजारी. मला म्हणाली, "काका, जरा त्या तारेच्या बाजूला व्हा, सावली पडतेय."

ती तार माझी होती. तिच्याच कॅमेऱ्याला वीज देत होती.

२४ सप्टेंबर

हे लिहावं की नाही कळत नाही. 

सकाळी अबू फव्वाजनं कॉफीचा पेला उंच धरून गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "सकाळ शुभ होवो, अबू इन्साफ!"

आणि सगळ्यांनी उचललं. कॉफीवाला, लिंबं विकणारा, मशिदीचा झाडूवाला. अबू इन्साफ, अबू इन्साफ!

माझा जन्म झाला त्या दिवसापासून त्यांना लोक अबू वस्फी म्हणतात. सेहेचाळीस वर्षं. वस्फीचा बाप. त्यांचं पाळण्यातलं नाव निम्म्या बाजाराला ठाऊक नाही. शाळेत मी हुशार नव्हतो, हातात त्यांची कला उतरली नाही, दुकान घेतलं नाही, वायरी ओढत बसलो. पण बाबांच्या नावात मी होतो. ते कुणी काढून घेईल असं कधी मनातही आलं नाही.

बाबा अबू फव्वाजच्या ओठांकडे बघत होते. हसले. हसले!

२५ सप्टेंबर

अबू इन्साफ. आज सतरा वेळा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळे नमाजाला गेले होते. बाजार बंद. नजवाला सांगितलं, पोट बिघडलंय. दुकानाची किल्ली माझ्याकडे असतेच.

चार स्क्रू काढले. मोडक्या मनगटी घड्याळातून काढलेला, अर्धा संपलेला बटनसेल होता खिशात. तो असा जोडला की अगदी सावकाश, थेंब-थेंब वीज आत झिरपत राहील. वाटेत केवढा रेझिस्टन्स घालायचा ते कागदावर तीनदा काढलं. काम चोख झालं पाहिजे. दिवा आता दोन मिनिटांनी लुकलुकेल, हातोडे चालोत की न चालोत.

बेत असा: अकरा ऑक्टोबरला तिच्या बाई आणि नगरपालिकेवाले येतील. मी भोळेपणानं म्हणायचं, "जरा सगळ्यांनी हातोडे थांबवा बरं, बघू तर!" गल्ली गप्प. दिवा चालूच. मग बाईच विचारतील, इन्साफ, हे काय?

स्क्रू बसवले. नमाज सुटायच्या आत कुलूप लावलं.

२७ सप्टेंबर

आकडा बघून इन्साफ किंचाळली. "सतरापट! वस्फी, सतरापट!" माझ्या गळ्यात पडली. नंतर आकडेमोड करत बसली, भुवया जुळलेल्या. असं कसं झालं? शेवटी तिनंच कारण शोधलं — तांबं मुरलं. नवं भांडं आठवडाभर हादरत राहिलं, सैलावलं, आता मोकळं घुमतंय. बाबांच्या हाताची करामत!

बाबांनी भांड्याला थोपटलं, घोड्याला थोपटावं तसं.

अरे देवा. याचंही श्रेय गेलं, तेही त्यांनाच.

२ ऑक्टोबर

एक गोष्ट मी धरली नव्हती.

दोन मिनिटांनी लुकलुकायला लागल्यापासून बाबा दुपारी झोपत नाहीत. भिंतीला टेकून बसतात, दिव्याकडे तोंड करून. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "बाजार बघतोय. हा बघ — हा हाजी दरवीश. म्हातारा अजून ठोकतोय. वरचेवर ठोकतो तो, घाईनं. हा अबू फव्वाज, आळशी आहे." बोटानं दाखवत होते, जणू दिव्यात माणसं उभी आहेत. "बारा वर्षं मला वाटायचं, आतमध्ये मीच एकटा ठोकतोय. हे सगळे नुसतेच हात हलवतायत."

हाजी दरवीश नव्वदीचा. गल्लीतला सगळ्यात जुना तांबट, बाबांचा उस्ताद. गेले पाच दिवस तो आजारी आहे. दुकान बंद आहे.

मी मान हलवली. म्हटलं, हो बाबा, दरवीशच आहे.

६ ऑक्टोबर

आज किल्ली घेऊन दोनदा गेलो, दोनदा परत आलो. पहिल्यांदा बाबा तिथे बसले होते. दुसऱ्यांदाही तिथेच बसले होते.

सेल काढला तर दिवा परत पस्तीस मिनिटांवर जाईल. बाबा विचारतील, बाजार कुठे गेला? काय सांगू? ठेवला तर अकरा तारखेला माझा बेत आहेच. आणि बेत झाला की दिवा कायमचाच गेला. कसंही केलं तरी म्हाताऱ्याचा दिवा मीच विझवणार. आणि रागावणार कुणावर? माझ्यावर. तिच्यावर नाही, माझ्यावर!

नजवा म्हणाली, "तुझं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालंय महिनाभर. बहीण आहे ती, सवत नाही." बायकांना कोण सांगतं या गोष्टी?

१० ऑक्टोबर

उद्या. इन्साफनं जिब्नचा — चीजचा — हलवा आणून ठेवलाय पाहुण्यांसाठी. मला आधी एक तुकडा दिला. "तू पट्ट्या ठोकल्या नसत्यास तर काही झालं नसतं, वस्फी."

पट्ट्या! माझ्या वाट्याला पट्ट्या!

बोलायचं. उद्या ‘हातोडे थांबवा’ म्हणायचंच.

११ ऑक्टोबर

झालं. सावकाश लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पहाटे हाजी दरवीश गेला. दुपारच्या नमाजानंतर जनाजा गल्लीतून जाणार असं सकाळीच कळलं. पाहुणे त्याच वेळेला आले. प्राध्यापकबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात वही. सोबत नगरपालिकेचे दोघे. इन्साफनं त्यांना हळूच सांगितलं, मयत आहे, जरा थांबावं लागेल. बाई म्हणाल्या, अवश्य. सगळे दुकानात भिंतीपाशी उभे राहिले, दिव्यासमोर.

तांबट गेला की हातोडे जमिनीवर ठेवतात. कुणी सांगावं लागत नाही. खालच्या टोकापासून सुरुवात झाली. एकेक आवाज बंद होत वर आला, आणि अबू फव्वाजचा शेवटचा. मग जे गप्प झालं! या गल्लीत वाढलो मी, पण अशी शांतता दोन-तीनदाच ऐकलीय. लांबून नुसती पावलं येत होती.

बाबा उंबऱ्यात उभे होते, आमच्याकडे पाठ, हात बांधून.

आणि दिवा लुकलुकला.

मला काही म्हणायची गरजच उरली नव्हती! हातोडे मी न सांगता थांबले होते. दरवीशनं माझं काम केलं होतं. बाईंनी दिव्याकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. इन्साफनंही पाहिलं. तिचा चेहरा — लहानपणी तिच्या हातून आईची काचेची सुरई फुटली होती, अगदी तोच चेहरा. तेव्हा मार मी खाल्ला होता. सांगितलं होतं, मी फोडली.

दोन मिनिटांनी पुन्हा लुकलुकणार. बाई घड्याळ बघतच होत्या. मी मनात मोजत होतो. जनाजा कोपऱ्यावर वळला. बाबा आता वळतील, आपल्या उस्तादाचा हातोडा बघायला दिव्याकडे बघतील. दरवीश खांद्यावर असेल, आणि दिवा म्हणेल दरवीश ठोकतोय.

मी बाबांचा हातोडा उचलला आणि अर्ध्या झालेल्या परातीवर हाणला.

एकदा नाही. हाणतच राहिलो. सगळी गल्ली दणाणली. दिवा लुकलुकला, बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि जनाजा नेमका आमच्या दारात होता. खांदा देणाऱ्यांचे पाय थांबले. दरवीशच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी हाणतोच आहे. थांबायचं कसं तेच कळेना.

अबू फव्वाजनं येऊन हातातून हातोडा ओढला. "लाज नाही तुला? तुझ्या बापाच्या मयतीलाही असाच ढोल बडव!"

बाबा अजून पाठमोरेच होते. एकदाही वळले नाहीत. बरं झालं, त्यांना काही कळलं नाही असं वाटलं. मग आठवलं, जनाज्यातला प्रत्येक माणूस त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. ओठ वाचता येतात त्यांना.

बाईंनी इन्साफला फ्रेंचमध्ये काही विचारलं. तिनं काय उत्तर दिलं, माहीत नाही.

१२ ऑक्टोबर

कुणीही बोलत नाही. कॉफीवाला माझ्यासमोरून तबक घेऊन गेला.

१३ ऑक्टोबर

कॉफी घरीच प्यालो. नजवानं कारण विचारलं नाही, म्हणजे तिलाही कळलंय.

१४ ऑक्टोबर

दरवीशच्या घरी आज तिसऱ्या दिवसाचं दुखवट्याचं बसणं. मी जाणार नव्हतो. बाबा काठी घेऊन घरी आले, माझा कोट खुंटीवरून काढला, बाह्या धरून उभे राहिले. मी घातला.

वाटेत माझा दंड धरून चालले. गल्लीतून, मधोमध. आत गेलो. बायाबापड्या नाहीत, नुसते पुरुष, भिंतीकडेनं बसलेले, आणि मी शिरताच सगळ्यांचे पेले थांबले. बाबांनी मला आपल्या शेजारी बसवलं. दरवीशच्या मुलाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "माझा मुलगा माफी मागायला आलाय." मी मागितली. कारण कुणी विचारलं नाही. मी सांगितलंही नसतं.

निघताना अबू फव्वाजनं मागून हाक मारली, "अबू इन्साफ!" बाबा वळले नाहीत. परत हाक मारली. नाहीच. शेवटी त्यानं खांद्याला हात लावला तेव्हा वळले. बहिऱ्या माणसाला मागून हाक मारून काय उपयोग? अबू फव्वाजला एवढंही कळत नाही.

२० ऑक्टोबर

इन्साफ गेली. नोकरी मिळाली तिला.

टॅक्सीत बॅगा मीच ठेवल्या, अर्थातच. मग ती म्हणाली, "घड्याळातला होता ना तो सेल?"

मी डिकी बंद करायला वळलो.

"मयतीच्या दिवशी संध्याकाळी उघडलं मी. जोडणी सुरेख केलीस. माझ्याकडची पोरं इतकं नीट करत नाहीत." वर हसली! "बाईंना फक्त पहिल्या आठ दिवसांचे आकडे दिले. पस्तीस मिनिटांचे. म्हटलं, नंतर कुणीतरी खोकं उघडलंय, ते धरू नका. त्यांना तेवढेच पुरले."

"कुणी उघडलं, विचारलं नाही?"

"विचारलं. माहीत नाही म्हटलं."

मला भांडायचं होतं. तिनं आरडाओरडा करावा, मला चोर म्हणावं, मग मीही सेहेचाळीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं असतं. तिनं माझी कॉलर नीट केली. "ती सुरई मी विसरले नाहीये," म्हणाली. "सेल परत तसाच ठेवलाय. बाबांना सांगू नकोस. आणि संपू देऊ नकोस, वस्फी."

टॅक्सी गेली. म्हणजे नोकरी तिला, नाव तिला, मोठं मनही तिचंच! आणि तिचा दिवा तेवता ठेवायला मी. माफसुद्धा तिनंच करायचं, मी नाही. सगळ्यात मोठं वांगं घेऊन गेली आणि वर माझ्यावर उपकार करून गेली.

तरी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. तेही लिहून ठेवतो.

५ नोव्हेंबर

अबू फव्वाजची तार तुटली. मला बोलावणं आलं नाही, त्याचा फ्रिज दिवसभर बंद. न बोलावताच शिडी लावली. खाली उतरलो तर कॉफीचा पेला पुढे केला. साखर घालायला विसरला, की घातली नाही, कळलं नाही. प्यालो.

बाबा अजून दुपारी दिव्यासमोर बसतात. दरवीशचं नाव मात्र घेत नाहीत आता. नुसते बघत बसतात.

२८ नोव्हेंबर

फोनवर इन्साफ. मी फोन धरला, बाबांनी भिंतीवरचा दिवा तिला दाखवला. लुकलुकला तेव्हा दोघंही टाळ्या वाजवत होते. ती टाळ्या वाजवताना माझ्याकडे बघत होती.

दिवा मंदावलाय. अर्धा संपलेलाच सेल होता तो. नवा आणायला हवा.

३ डिसेंबर

नवा सेल आणलाय. चांगला, पुढची दोन वर्षं जाईल असा. पण दुकान रिकामं सापडत नाही. बाबा जेवायलाही घरी जात नाहीत.

आज दिवा परत चांगला लुकलुकला. संपत आलेला सेल कधीकधी अशी उसळी मारतो. चार दिवस मिळाले.

७ डिसेंबर

आज माझ्या मागून बाबांनी अबू फव्वाजला सांगितलेलं कानावर पडलं: "माझा मुलगा वीजवाला आहे. त्याच्या हाताखालून गेलेली तार पुन्हा तुटत नाही." आता हे मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? आणि अबू फव्वाजला सांगून काय मिळालं? तारा त्याच्याच तुटतात.

१२ डिसेंबर

शुक्रवार. बाबा मशिदीत. मागचे चार स्क्रू काढले. पहिलाच सहज सुटला, मी आवळला होता तेवढा घट्ट नव्हता.

घड्याळाचा सेल जागेवर नाही. तिथे दोन बारके सेल आहेत, एकावर एक, कानाच्या यंत्राच्या पाकिटातले. जोडणी माझीच, जशीच्या तशी. सेल हलू नयेत म्हणून वरून तांब्याची पट्टी वाकवून बसवलीय, कडा घासून गुळगुळीत.

दारातली परात! मी हातोडा उचलला तेव्हा ते परातीत बघत होते. दिवा आधी लुकलुकला, हातोडा नंतर पडला.

पट्टीवर बारीक छिन्नीनं नाव ठोकलंय. अबू वस्फी.